दुसरे वाक्य

सकाळी दहा वाजून चार मिनिटांनी सळ्यांचा एक भारा क्रेनच्या हुकाला लटकून ट्रकमधून वर निघाला. दहा वाजून पाच मिनिटांनी, दोन मजल्यांच्या उंचीवर असताना तो एका बाजूला कलला आणि काडेपेटीतून काड्या सांडाव्यात तशा त्यातल्या सळ्या सुटून खाली आल्या. ट्रकच्या केबिनचा पत्रा चेपून सीटला टेकला. ड्रायव्हर बाहेर दारापाशी उभा होता, म्हणून जिवावरचे पायावर निभावले. डावा पाय दोन ठिकाणी मोडला.

साइटच्या ऑफिसात एक यंत्र आहे. कामगारांच्या वॉकीटॉकीवर जे काही बोलले जाते ते त्यात वेळेसकट साठून राहते. त्या दिवशी दहा वाजून चार मिनिटांच्या जागी एकच शब्द सापडला: "उचलतोय." आवाज क्रेन चालवणाऱ्याचा होता. उचलायला त्याला कोणी सांगितले, याचा मागमूस नव्हता. दुपारपर्यंत कंपनीने निष्कर्ष काढला की ऑपरेटरने कोणाच्याही हुकमाशिवाय माल उचलला. संध्याकाळी त्याचा परवाना जमा करून घेण्यात आला आणि प्रकरण कामगार सुरक्षा कार्यालयाच्या चौकशी समितीकडे गेले.

खरी गोष्ट अशी की हुकूम होता. देणारा ट्रकपासून वीस पावलांवर उभा होता. त्याने तो तोंडाने दिला नव्हता, हाताने दिला होता.

साइटवर त्याला सगळे वक्ता म्हणत. नाव सोनूबाई, त्यातला प्रकार. एकाशी तो चांगला बोले, दोघांशीही बोले. घरी बायकोशी तर तावातावाने भांडे. पण तीनपेक्षा जास्त तोंडे त्याच्याकडे वळली की दातखीळ बसे. मान ताठ व्हायची, कानाच्या पाळ्या तापायच्या आणि बोलायचे ते घशापर्यंत येऊन तिथेच अडकायचे. हे कशामुळे, ते त्याला ठाऊक नव्हते. कारण सांगणारे पुष्कळ भेटले होते, उपाय सांगणारे त्याहून जास्त.

इशारे देण्याच्या कामात त्याचे हे व्यंग खपून गेले होते, उलट शोभून दिसे. बोट वर करून गोल फिरवले की उचल. खाली करून फिरवले की उतरव. मूठ आवळली की जिथे आहे तिथे थांब. साठ मीटर वरच्या केबिनमधून ऑपरेटर फक्त त्याच्या हातांकडे बघायचा. अकरा वर्षे दोघांची जोडी होती. ऑपरेटरला सगळे वरचा म्हणत आणि त्याच्यावरून रोज तेच तेच विनोद होत. काम लांबले की "वरच्याची इच्छा", लवकर सुटले की "वरच्याची कृपा".

दोन वर्षांपूर्वी कंपनीने वॉकीटॉकी आणल्या आणि नियम काढला: प्रत्येक हुकूम बोलून द्यायचा. पहिल्या दिवशी वक्त्याने बटण दाबले. त्याच वाहिनीवर वीस संच चालू होते. विसांवर त्याचा नुसता श्वास ऐकू गेला, आणि कोणीतरी म्हणाले, "कोण रे ते, ड्युटीवर घोरतंय?" त्यानंतर त्याने बटणाला बोट लावले नाही. दुपारी वरचा खाली उतरला, डबा उघडता उघडता म्हणाला, "तू हात कर. मी बघतो. तोंडाचं काम माझ्याकडे."

तेव्हापासून वक्ता हात करायचा आणि वरचा स्वतःच बटण दाबून "उचलतोय", "उतरवतोय" म्हणायचा. यंत्रात काहीतरी साठत होते, ते कोणी ऐकत नव्हते. दोन वर्षांत दोघांच्या हातून एक खिळासुद्धा खाली पडला नाही. पद्धत चोख होती. तिच्यात एकच खोट होती: हुकूम देणारा माणूस त्या यंत्राच्या लेखी अस्तित्वातच नव्हता.

त्या सकाळी लांब सळ्यांचा भारा दोन पट्ट्यांत बांधायला हवा होता. एक पट्टा नवव्या मजल्यावर अडकलेला. फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागलेली आणि इंजिनिअर साहेबांचा फोन वाजायचा थांबत नव्हता. ते म्हणाले, "एकाच पट्ट्यात घ्या. दोन मिनिटांचं तर काम." वक्त्याने मूठ आवळून वर धरली.

"मूठ काय दाखवतोस? तोंड आहे ना? बोल काय ते."

आजूबाजूचे आठ जण हातातले काम थांबवून वळले. कोणीतरी हसले. 'भारा घसरेल' एवढेच त्याला म्हणायचे होते. त्याने तोंड उघडले, पुन्हा मिटले. मग मूठ सोडली, बोट वर केले आणि गोल फिरवले.

हसण्याची आणि तोंड उघडून मिटण्याची गोष्ट त्याने तेव्हा बायकोशिवाय कोणाला सांगितली नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी वरचा घरी आला. खुर्चीच्या कडेला बसला. आजवर तो केबिनच्या सीटवर बसलेला, नाहीतर शिडी चढता-उतरताना दिसायचा. घरातल्या खुर्चीत तो परका वाटत होता.

"वहिनी, नुसतं पाणी द्या," तो म्हणाला, आणि मग वक्त्याला, "लिहून दिलंस?"

"दिलं. परत आलं."

समितीच्या कारकुनाने कागदाला चिठ्ठी जोडली होती. लेखी जबाब घेतला जाईल, पण आधी साक्षीदाराने सुनावणीत स्वतःच्या तोंडाने तो सांगायला हवा. सुनावणीचे ध्वनिमुद्रण होते. त्यात जे येईल तेच ग्राह्य. त्या आठ जणांपैकी पाच जण कंत्राट संपवून दुसरीकडे गेले होते. उरलेल्या तिघांनी आपण भाऱ्याकडे बघत होतो, कोण काय म्हणाले ते ऐकले नाही, असे लिहून दिले होते. तिघांनाही इंजिनिअर साहेबांच्याच हाताखाली काम करायचे होते.

"म्हणजे तूच," वरचा म्हणाला.

"किती माणसं असतील?"

"सहा-सात. आठ धर, मी पण असेन."

"आठ."

"अरे, वाक्यं दोनच आहेत. इशारा मी दिला. एका पट्ट्यात उचलायला साहेबांनी सांगितलं. मोजून बघ, आठ शब्द. आठ माणसं, आठ शब्द. माणशी एक."

बायको हसली. वक्ता हसला नाही. "आणि नाही जमलं तर?"

"तर परवाना रद्द. एक्कावन्नाव्या वर्षी मला नवा कोण देतोय? आणि मी खाली काय करू, सांग. मला खालचं काही येत नाही."

हे त्याने तक्रारीच्या सुरात म्हटले नाही. पाण्याचा पेला परत देताना, सहज म्हटले. सुनावणीला पाच आठवडे होते.

क्लास बायकोने शोधून काढला. ती एका शिवणाच्या कारखान्यात कामाला होती. तिथल्या एका सहकारिणीचा दीर त्या क्लासला जाऊन आला होता आणि आता, सहकारिणीच्या शब्दांत, 'गप्प बसायचं नाव घेत नव्हता'. चपलांच्या दुकानावरच्या खोलीत, मंगळवारी आणि शुक्रवारी, संध्याकाळी सात ते साडेआठ. दारावर पाटी होती: सहा आठवड्यांत सभाधीट व्हा.

"मला पाचच आहेत," त्याने क्लास घेणाऱ्या बाईंना सांगितले.

"मग पाच आठवड्यांइतके धीट व्हा," बाई म्हणाल्या.

बाईंनी तीस वर्षे एका मोठ्या स्टेशनवर गाड्यांच्या घोषणा केल्या होत्या. काचेमागे बसून. हजारो लोकांनी त्यांचा आवाज ऐकला, चेहरा कोणी पाहिला नाही. "आणि निवृत्तीच्या दिवशी म्हणाले, दोन शब्द बोला. समोर चाळीस माणसं. मला माझं नावही आठवेना. फलाटाचा नंबर आठवत होता." त्या दिवसानंतर त्या स्वतः शिकल्या आणि मग शिकवू लागल्या. त्यांच्याकडे मंत्र-तंत्र काही नव्हते. पहिले वाक्य झोपेतून उठवले तरी येईल इतके पाठ करायचे. बोलण्याआधी श्वास सोडायचा, घ्यायचा नाही. घेतलेला श्वास छातीत अडकतो. समोरच्यांच्या डोळ्यांत बघवत नसेल तर कपाळाकडे बघायचे. आणि दर खेपेला एकच माणूस वाढवायचा.

वर्गात आणखी चार जण होते. एका सोसायटीच्या सेक्रेटरी, ज्यांना सर्वसाधारण सभेत सभासद बोलू देत नसत, औषध कंपनीचा एक विक्रेता, एक नर्स, आणि एक निवृत्त पोस्टमन, तो का येतो ते शेवटपर्यंत कोणाला कळले नाही.

पहिल्या मंगळवारी बाई म्हणाल्या, "हात मोकळे सोडा. बोलताना हलू द्या."

वक्त्याचे हात मांड्यांना चिकटलेले. बाईंनी दुसऱ्यांदा सांगितले तेव्हा तो जवळ जाऊन, फक्त त्यांना ऐकू जाईल असे म्हणाला, "बाई, माझा हात हलला की कुठेतरी काहीतरी उचललं जातं."

बाईंनी थोडा विचार केला आणि त्याच्यापुढे एक खुर्ची उलटी करून ठेवली. "हिची पाठ धरा. सोडायची नाही."

बाईंच्या वहीत प्रत्येकाची वेळ सेकंदांत लिहिलेली असे. वक्त्याच्या नावापुढे पहिल्या आठवड्यात दोन शून्ये आहेत. दुसऱ्या आठवड्यात तीन सेकंद, स्वतःचे नाव. तिसऱ्या आठवड्यात भिंतीकडे तोंड करून पहिले वाक्य. चौथ्या आठवड्यात बाईंनी बाकीच्या चौघांना पाठ फिरवून बसायला लावले आणि त्याने चार पाठींसमोर दोन्ही वाक्ये म्हटली. "माझ्या पाठीला सगळं कळलं," पोस्टमन म्हणाला.

घरी बायको अध्यक्ष व्हायची. जेवताना वाटीवर चमचा वाजवून म्हणायची, "साक्षीदार, खरं सांगा, भाजीत मीठ कसं आहे?"

"कमी आहे."

"समिती तुमचा निषेध करते. मीठ समोर आहे, घ्या."

आणि रोज रात्री जेवण झाल्यावर वरच्याचा फोन यायचा. तो फोन मोठ्या आवाजावर टाकायचा आणि घरातली माणसे गोळा करायचा. पहिल्या दिवशी एकटा, मग बायको, मग मुलगी. एके दिवशी म्हणाला, "आज साडेतीन जण आहेत."

"साडेतीन कसे?"

"सासूबाई आल्यात. त्यांना ऐकू कमी येतं, म्हणून अर्ध्या धरल्या."

मागून म्हातारीचा आवाज आला, "कोण अर्धी रे?" आणि त्या हशातच, काही कळायच्या आत, वक्ता म्हणाला, "इशारा मी दिला. एका पट्ट्यात उचलायला साहेबांनी सांगितलं."

मग सासूबाई म्हणाल्या, "स्पष्ट बोलतोय की हा. तुम्ही तर म्हणत होता मुका आहे."

पाचव्या आठवड्याच्या शुक्रवारी त्याने चौघांच्या तोंडाकडे, म्हणजे कपाळांकडे बघून दोन्ही वाक्ये म्हटली. अकरा सेकंद. टाळ्या झाल्या. तो इतका गडबडला की परत येऊन सेक्रेटरींच्या पर्सवर बसला. बाईंनी वहीत अकराखाली रेघ ओढली. सुनावणी सोमवारी होती.

सोमवारी सकाळी अकरा वाजून दहा मिनिटांनी कारकुनाने त्याला आत बोलावले. तिसऱ्या मजल्यावरची खोली, खिडकीला पट्ट्यांचा पडदा, लांब टेबल. टेबलाच्या मधोमध साबणाच्या वडीएवढे ध्वनिमुद्रण यंत्र आणि त्याच्यावर लाल ठिपका. समितीचे तिघे, कारकून, कंपनीचा वकील, इंजिनिअर साहेब, भिंतीशी वरचा. सात मोजून झाले तेव्हा कोपऱ्यात त्याला आठवा दिसला. पाय पुढच्या खुर्चीवर ठेवून ट्रक ड्रायव्हर बसला होता. प्लास्टर मांडीपर्यंत होते. वक्त्याने पाच आठवडे अनेक चेहऱ्यांची सवय केली होती. हा चेहरा त्याने धरलाच नव्हता.

साक्षीदाराने बसून बोलायचे होते. पुढे धरायला काही नव्हते. त्याने हात मांड्यांवर ठेवले आणि श्वास सोडला.

अध्यक्ष वयस्क होते, चष्मा नाकावर उतरलेला, आवाज मवाळ. "घाबरू नका. नाव सांगा, काम सांगा."

त्याने नाव सांगितले, काम सांगितले.

"त्या दिवशी काय झालं?"

"इशारा मी दिला," वक्ता म्हणाला.

आवाज खणखणीत निघाला. अगदी जेवताना निघायचा तसा. भिंतीशी बसलेल्या वरच्याने डोळे मिटले आणि उघडले. दुसरे वाक्य तयार होते, जिभेच्या टोकावर. पण बाईंनी शिकवले होते की दोन वाक्यांमध्ये श्वास सोडायचा, आणि त्या श्वासाएवढ्या वेळात वकिलाने हात वर केला.

"एक मिनिट, अध्यक्ष महाराज. इथेच एक विचारतो." वकील तरुण होता, बोलणे आदबशीर. "काका, तुमचा आवाज छान आहे. स्पष्ट आहे. मग वॉकीटॉकीच्या दोन वर्षांच्या नोंदीत तो एकदाही का नाही?"

वक्त्याने मान हलवली.

"मान हलवू नका, बोला," अध्यक्ष म्हणाले. "यंत्राला मान दिसत नाही."

"हो," वक्ता म्हणाला.

"हो म्हणजे? हुकूम बोलून द्यायचा, हा नियम माहीत होता?"

"हो."

"बोलता येतं, हे आम्ही आत्ता ऐकलं. नियम माहीत होता. तरी दोन वर्षं बोलला नाहीत. का?"

उत्तर सोपे होते. चारचौघांत बोलायची भीती वाटते. पण हे शब्द त्या आठांत नव्हते. पाच आठवडे त्याने भीतीवर मात करायचा सराव केला होता; 'भीती वाटते' हे म्हणायचा सराव कोणी करून घेतला नव्हता. त्याने तोंड उघडले. कानाच्या पाळ्या तापल्या. दुसरे वाक्य या प्रश्नाचे उत्तर नव्हते, म्हणून ते पुढे येईना. आणि जे उत्तर होते ते त्याच्याच्याने उच्चारवेना. कोपऱ्यातले प्लास्टर पांढरेफटक दिसत होते.

अध्यक्ष थांबले. त्यांनी घाई केली नाही, हे नमूद करायला हवे. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला.

मग वक्त्याचे हात मांड्यांवरून उठले. उजव्या हाताने त्याने डोक्यावर टोपीच्या जागी टकटक केले आणि बोट इंजिनिअर साहेबांकडे धरले. एक बोट दाखवले आणि त्याच बोटाने हवेत पट्टा गुंडाळला. मूठ आवळून वर धरली. पुन्हा डोक्यावर टकटक. मग बोट वर करून गोल फिरवले. एकही हालचाल फुकट नव्हती की अर्धवट नव्हती. साठ मीटरवरून वाचता यावेत असे ते इशारे होते.

वरचा उठून उभा राहिला. "साहेब, तो सांगतोय. इंजिनिअर साहेबांनी एक पट्टा म्हटलं. यानं थांब म्हणून मूठ केली. ती मला वरून दिसली होती. मग साहेबांनीच उचलायला लावलं. सगळं सांगितलं त्यानं, साहेब!"

"तुम्ही बसा."

"पण तो सांगतोय ना—"

"चौकशी तुमचीच चालू आहे. साक्षीदाराच्या तोंडचं तुम्ही बोलू शकत नाही." अध्यक्षांनी कारकुनाकडे पाहिले. "यांचं बोलणं विचारात घेऊ नका. आणि साक्षीदार, हातवारे यंत्रात येत नाहीत. जे दाखवलंत तेच शब्दांत सांगा. सावकाश सांगा."

इंजिनिअर साहेब टेबलाच्या कडेकडे बघत होते. त्यांना इशारे वाचता येत होते. साइटवरच्या प्रत्येकाला थोडेफार येतात. ते काही बोलले नाहीत. त्यांना कोणी विचारलेही नाही.

नंतर ज्यांनी ते ध्वनिमुद्रण ऐकले ते सांगतात की या ठिकाणी एकेचाळीस सेकंद काहीही नाही. एकदा खुर्ची करकरते. एकदा कोणीतरी खोकते. बाईंच्या वहीतल्या अकरा सेकंदांच्या जवळजवळ चौपट.

शेवटी वकील म्हणाला, "मला एवढंच नोंदवायचंय. साक्षीदार पहिलं वाक्य न अडखळता बोलले. त्यापुढचा प्रश्न आला आणि बोलणं संपलं. पाठ केलेलं तेवढं म्हटलं. साक्ष पढवलेली आहे."

"तुम्हाला हे कोणी शिकवलं होतं का?" अध्यक्षांनी विचारले.

खरे उत्तर 'हो' असेच होते. वक्त्याला तो एक शब्द म्हणता आला असता. त्याने बाईंचा विचार केला, बायकोच्या चमच्याचा केला, आणि गप्प राहिला.

अकरा वाजून एकतीस मिनिटांनी लाल ठिपका विझला.

बाहेरच्या व्हरांड्यात बाक होता. दोघे बसले. वरच्याने खिशातला रुमाल काढला, घडी केली, परत ठेवला.

"पहिलं वाक्य छान झालं," तो म्हणाला.

"दुसरं तयार होतं रे."

"माहीत आहे."

"तू शिव्या दे मला."

"घरी जाऊन देतो. इथे यंत्र चालू असेल," वरचा म्हणाला. तो हसायचा प्रयत्न करत होता, पण ओठ ऐकत नव्हते.

ड्रायव्हर कुबड्यांवर खोलीतून बाहेर आला आणि त्यांच्यापुढे थांबला. वक्ता उभा राहिला. ड्रायव्हर म्हणाला, "मी ट्रकच्या त्या बाजूला होतो. इंजिन चालू होतं. कोण काय म्हणालं ते ऐकलं असतं तर मीच सांगितलं असतं." मग म्हणाला, "तुझी मूठ मला दिसली नव्हती. एकदा तोंडानं ओरडला असतास तर पळालो असतो." आणि कुबड्या टाकत जिन्याकडे गेला.

वक्त्याने त्यालाही काही उत्तर दिले नाही. तिथे तर दोघेच होते.

पुढच्या गोष्टी तारखेवार सांगता येतात. सुनावणीनंतर चार दिवसांनी वरच्याने साक्ष पुन्हा घ्यावी म्हणून अर्ज केला. कारकुनाने सांगितले की साक्षीदाराला बोलण्याची अडचण असेल तर डॉक्टरचा दाखला जोडा. वक्ता बायकोला घेऊन सरकारी दवाखान्यात गेला. तपासणीच्या खोलीत डॉक्टर आणि ते दोघे, एवढेच होते. डॉक्टरांनी घसा पाहिला, कान पाहिले, दहा मिनिटे गप्पा मारल्या. वक्त्याने सगळे नीट सांगितले: वीस संच, घोरण्याचा विनोद, आठ जण, मूठ. डॉक्टरांनी मन लावून ऐकले आणि लिहून दिले: बोलण्यात कोणताही दोष आढळला नाही.

"अहो, पण दोघातिघांत बोलतातच ते!" बायको म्हणाली.

"मग मी काय लिहू? मी जे ऐकलं तेच लिहिणार ना," डॉक्टर म्हणाले.

तो दाखला अर्जाला जोडला नाही. क्लासच्या बाईंनी स्वतःहून पत्र लिहून दिले, वहीतल्या नोंदींसह: कोणत्या आठवड्यात किती सेकंद, कोणाच्या समोर. पत्र चोख होते. वरच्याने ते दोनदा वाचले आणि घडी करून खिशात ठेवले. पढवल्याचा पुरावा आपणच कशाला द्यायचा, असे त्याचे म्हणणे पडले. बाईंना हे सांगायचे काम वक्त्याकडे आले. त्याने ते सांगितले. बाई एकट्याच होत्या.

क्रेनवर आता दुसरा ऑपरेटर बसतो. खाली इशाऱ्याला एक चुणचुणीत माणूस आहे, तो दिवसभर वॉकीटॉकीवर बोलतो आणि कधी कधी गाणेही म्हणतो. वक्त्याला गोदामात घातले आहे. तिथे माल मोजून द्यायचा असतो आणि समोर एका वेळी एकच माणूस असतो. इंजिनिअर साहेब रजेवर गेले होते, ते परत आले. वरचा मेहुण्याच्या दुकानात बसतो. ते दुकान तळमजल्यावर आहे. रात्रीचा फोन तो अजून करतो. फोनवर आता तोच जास्त बोलतो आणि माणसे गोळा करत नाही.

समितीचा निकाल महिनाअखेरीस अपेक्षित होता. महिना संपून नऊ दिवस झाले. बुधवारी वरचा आणि वक्ता दोघेही कार्यालयात जाऊन आले. कारकुनाने फाइल काढून दाखवली. पुन्हा साक्ष घेण्याचा अर्ज तिच्यात सर्वांत वर लावलेला आहे. बुधवारी दुपारी चार वाजेपर्यंत त्याच्यावर कोणताही शेरा पडलेला नव्हता.